पॅटर्न: आधीचा आणि नंतरचा

लातूर–बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमध्ये 'पॅटर्न' या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. ब्लाऊज शिवायला टाकणारी बाई शिंप्याला गळ्याचा पॅटर्न सांगते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एखादा मुलगा फोन पुढे करून म्हणतो, पॅटर्न विसरलो, लॉक काढून द्या. पालकसभेत पेपरचा पॅटर्न बदलल्याची चर्चा होते, शाळेच्या कार्यालयात स्टाफिंग पॅटर्नप्रमाणे किती पदे मंजूर आहेत हे पाहिले जाते आणि जून कोरडा गेला की पावसाचा पॅटर्नच बिघडला असे पारावर बोलले जाते. या सगळ्यांच्या वर, जिल्ह्याच्या नावाला कायमचा चिकटलेला लातूर पॅटर्न आहेच. एवढे अर्थ एका गावात सुखाने नांदतात, कारण शब्दाच्या शेजारी दुसरा शब्द उभा असतो आणि तो अर्थ धरून ठेवतो. गावांच्या नावांचेही तसेच आहे. महाराष्ट्रात लातूर तालुक्यात मुरुड आहे, दापोलीजवळ महर्षी कर्व्यांचे मुरुड आहे आणि जंजिऱ्याच्या किल्ल्यासमोर तिसरे मुरुड आहे. एसटीचे तिकीट काढणारा माणूस बहुधा चुकत नाही. तेव्हा एका शब्दाला अनेक अर्थ असणे ही काही तक्रारीची बाब नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. 'पॅटर्न'च्या या अनेक अर्थांखाली दोनच मुळे आहेत, ती एकमेकांच्या उलट दिशेने जातात, आणि गेल्या तीन-चार दशकांत महाराष्ट्राच्या सार्वजनिक बोलण्यात त्या दोहोंची अशी गाठ बसली की त्यातून शिक्षण, पाणी आणि घरे यांबद्दलचे मोठे निर्णय चुकीच्या समजुतीवर उभे राहिले.

पहिल्या अर्थाचा पॅटर्न वस्तूच्या आधी असतो. तो कुणीतरी विचारपूर्वक तयार करतो आणि त्यावरून पुढे वस्तू तयार होते: शिंप्याचा कागदी पॅटर्न, ओतशाळेतला लाकडी पॅटर्न, प्रश्नपत्रिकेचा पॅटर्न, कार्यालयातल्या पदांचा पॅटर्न. दुसऱ्या अर्थाचा पॅटर्न घटना घडून गेल्यावर दिसतो. तो कुणी बनवलेला नसतो. अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की नजरेला एक सुसंगती जाणवते, तिला आपण पॅटर्न म्हणतो. पावसाचा, तापाच्या चढउताराचा, एखाद्या तालुक्यातल्या पीकबदलाचा पॅटर्न या जातीचा. शब्दाच्या जन्मात पहिलाच अर्थ आहे. फ्रेंच 'पात्रों'वरून तो इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला बाप आहे. आश्रयदात्याला आपण 'पेट्रन' म्हणतो तो शब्द आणि 'पॅटर्न' हे मुळात एकच. ज्याच्याकडे पाहून वागायचे तो वडीलधारा, म्हणून ज्याच्यावरून घडवायचे ती वस्तू. इंग्रजीत या दोघांची स्पेलिंगे पुढे वेगळी झाली, फ्रेंचमध्ये मालक आणि शिवणाचा कागद यांना आजही एकच शब्द आहे. निसर्गात किंवा समाजात आपोआप दिसणारी सुसंगती हा अर्थ मागाहून आला, पण शब्दातला बाप गेला नाही. म्हणूनच 'पॅटर्न' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत एक आज्ञा उमटते: असेच करा.

ज्या कारागिरांचा हा शब्द मूळचा, त्यांच्याकडे आधी पाहिले पाहिजे, कारण ते तो सर्वांत जपून वापरतात. कोल्हापूरजवळच्या शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतींत लोखंडाच्या ओतकामाचे मोठे काम चालते. तिथे पॅटर्न म्हणजे लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची प्रतिकृती. ती वाळूत दाबून काढली की वाळूत पोकळी राहते. ती पोकळी म्हणजे साचा, आणि साच्यात वितळलेला धातू ओतला की वस्तू मिळते. बाहेरच्या माणसाला वाटते की पॅटर्न वस्तूच्या अगदी मापाचा असेल. तो तसा कधीच नसतो. धातू थंड होताना आकसतो: बिडाचे लोखंड मीटरमागे साधारण १० मिलिमीटर, पोलाद २० च्या आसपास, ॲल्युमिनियम या दोहोंच्या मध्ये. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात, आणि पॅटर्न बनवणाऱ्याकडे मोजपट्टीही वेगळी असते. तिच्यावरचे सेंटिमीटर त्या त्या धातूच्या आकसण्याइतके ताणलेले असतात. ज्या बाजूवर पुढे लेथ चालणार तिथे जादा जाडी ठेवतात. वाळू न मोडता पॅटर्न वर उचलता यावा म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार देतात. हे सगळे केल्यावरही पहिले ओतकाम तपासून, मोजून, पॅटर्न पुन्हा दुरुस्त करतात. शिंप्याचा कागदही असाच: शिलाईची मार्जिन सोडलेली, कापड धुतल्यावर किती आटेल याचा विचार केलेला, आणि ज्या अंगावर कपडा बसायचा त्याच्या मापाने दरवेळी कमीजास्त केलेला. सुती कापडाचा कागद जसाच्या तसा दुसऱ्या कापडावर ठेवून कात्री चालवणारा शिंपी गिऱ्हाईक टिकवू शकत नाही. ज्यांचे पोट या शब्दावर चालते त्या दोन्ही धंद्यांत पॅटर्न म्हणजे नक्कल नव्हे. ज्या मालावर तो वापरायचा त्या मालाचा स्वभाव आधीच हिशेबात धरलेली वस्तू म्हणजे पॅटर्न.

नंतर दिसणाऱ्या पॅटर्नची माणसे याहून वेगळ्या काळजीने बोलतात, किंवा त्यांनी बोलायला हवे. लातूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो असे म्हणतात तेव्हा कोणत्याही एका वर्षी तेवढा पडेल असे कुणी वचन दिलेले नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आणावी लागली. १२ एप्रिलला पहिल्या खेपेत १० वाघिणींमधून ५ लाख लिटर पाणी आले, आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीकडून येणाऱ्या त्या गाड्या मुरुडच्या स्थानकावरूनच पुढे गेल्या. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा धरण भरले. ही दोन्ही टोके एकाच सरासरीत बसतात. पिकांचेही तसेच. ज्वारी, तूर, कापूस, भुईमूग असे पेरणारा हा पट्टा खरिपात मुख्यतः सोयाबीनकडे वळला आणि मांजरा काठाला उसाने जागा घेतली. याला आपण पीक पॅटर्न म्हणतो, पण तो कुणी ठरवून दिला नाही. भाव, बियाण्याची सोय, मजुरांची टंचाई, कारखान्याचे अंतर, कमी दिवसांत मोकळे होणारे रान अशा हजारो घरांतल्या हजारो हिशेबांची ती बेरीज आहे. बेरजेला आज्ञा समजून उद्याही सोयाबीनच पेरावे असे त्यातून निघत नाही, आणि सोयाबीन पेरू नये असेही निघत नाही.

नंतर दिसणाऱ्या पॅटर्नचा सर्वांत कठोर धडा या जिल्ह्यानेच घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याआधीच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. नकाशा खोटा नव्हता. आधीच्या नोंदींत जे दिसत होते तेच त्यात काढलेले होते, आणि नोंदींचा काळ खडकांच्या काळापुढे फार तोकडा होता. आणखी एक गोष्ट. १९९२ च्या ऑक्टोबरपासून किल्लारी परिसरात लहान धक्के बसत होते, लोक घाबरले होते. आज मागे वळून पाहताना ते धक्के आणि मोठा भूकंप यांची रांग स्पष्ट लागते. पण असे लहान धक्के अनेक ठिकाणी येतात आणि विरून जातात. शेवटचा ठिपका पडल्यावरच आधीचे ठिपके रेषेत दिसले. २००२ मध्ये देशाचा नकाशा सुधारला, पहिला झोन रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या झोनमध्ये गेला. नंतर दिसणाऱ्या पॅटर्नला हे बंधन असतेच: तो नव्या नोंदीपुढे मान झुकवतो. आधी बनवलेला पॅटर्न मात्र वस्तूला मान झुकवायला लावतो. या दोन स्वभावांची अदलाबदल झाली की अनर्थ होतो.

आता लातूर पॅटर्नकडे येऊ. १९७० मध्ये लातूरला शिव छत्रपती शिक्षण संस्थेचे राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले प्राचार्य; पुढे ते १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पुढच्या काळात प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या कारकिर्दीत या महाविद्यालयाने बारावी विज्ञानासाठी कामाची एक कडक पद्धत बसवली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उरलेल्या महिन्यांत चाचण्यांमागून चाचण्या घ्यायच्या, उत्तरपत्रिका तपासून कुणाचे गुण कुठे जातात ते शोधायचे, कमकुवत भागावर जादा तास लावायचे, पालकांना कळवत राहायचे. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे दरवर्षी दिसू लागली; दयानंद महाविद्यालय आणि दहावीला देशिकेंद्र, केशवराज यांसारख्या शाळाही पुढे आल्या. इथपर्यंत 'पॅटर्न' शब्दाचा वापर कोणत्याही कारागिराला मान्य व्हावा असा होता: एक संस्था, तिने विचारपूर्वक आखलेले काम आणि त्या कामाच्या मापाचे यश. तालुक्याच्या गावांतली, शेतकऱ्यांच्या घरांतली मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला जाऊ लागली, हे त्या शिक्षकांच्या कष्टाचे फळ होते आणि त्याबद्दल आदरच बाळगला पाहिजे.

मग वर्तमानपत्रांनी, पालकांनी आणि शिकवणीवाल्यांनी निकालाकडे पाहून लातूर पॅटर्न म्हणायला सुरुवात केली, आणि शब्दाने कूस बदलली. आता तो एका महाविद्यालयाच्या कामाचे नाव राहिला नाही. एका शहरातून निघणाऱ्या निकालांच्या सुसंगतीचे नाव झाला. आणि या दुसऱ्या अर्थात एक गोष्ट मिसळली जी पहिल्यात नव्हती. लातूरचा निकाल चांगला म्हणून परभणी, नांदेड, बीड, धाराशिव इथली दहावीला अव्वल आलेली मुले लातूरला येऊ लागली. मुरुडसारख्या जवळच्या गावातल्या मुलाने रोज जाऊन-येऊन शिकणे वेगळे आणि दोन-दोनशे किलोमीटरवरून निवडून आलेल्या मुलांनी खोली घेऊन राहणे वेगळे. हुशार मुले येतात म्हणून निकाल चांगला, निकाल चांगला म्हणून हुशार मुले येतात: हे चक्र फिरू लागल्यावर निकालातला किती भाग शिकवण्याचा आणि किती भाग निवडीचा हे निकालाकडे पाहून सांगता येत नाही. परीक्षाही बदलत गेली. बारावीच्या गुणांची जागा राज्याच्या सीईटीने घेतली, २०१७ पासून राज्यातले वैद्यकीय प्रवेश नीटच्या गुणांवर होऊ लागले. लांबलचक उत्तर नीटनेटके लिहिण्याची तयारी आणि चार पर्यायांतून मिनिटाभरात एक निवडण्याची तयारी ही दोन वेगळी कामे आहेत. प्रवेशाचे नियमही स्थिर नव्हते. वैद्यकीयच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना ही ७०:३० ची विभागणी २०२० च्या सप्टेंबरमध्ये रद्द झाली, आणि मराठवाड्यातल्या मुलांच्या प्रवेशाचे गणितच बदलले. काम बदलले, मुले बदलली, परीक्षा बदलली, नियम बदलले. नाव तेच राहिले. आज राज्यात कुठेही शिकवणीच्या फलकावर 'लातूर पॅटर्न' असे लिहिलेले असते तेव्हा त्यातून नेमके काय मिळणार हे त्या दोन शब्दांतून कळत नाही, पण पालक पैसे त्या दोन शब्दांसाठी मोजतो.

गावाचे नाव आणि पुढे पॅटर्न ही जोडी मराठीत इतकी रुळली की तिचे दोन उलटे उपयोग आपल्याला खटकत नाहीत. २०१८ मध्ये आलेल्या प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटात जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्यांची मुले गुन्हेगारीकडे कशी ओढली जातात ते दाखवले आहे. तिथे पॅटर्न म्हणजे पुन्हा पुन्हा घडणारी शोकांतिका. कुणी तिचे अनुकरण करावे असा अर्थ कुणाच्याही मनात येत नाही. व्याकरण तेच, पण लातूरपुढे लावला की गिरवावा असा कित्ता आणि मुळशीपुढे लावला की टाळावी अशी वाट. यातला फरक आपण शब्दावरून ओळखत नाही, निकाल आवडला की नाही यावरून ठरवतो. निकाल आवडला की त्याच्यामागे बनवलेला साचा आहे असे गृहीत धरतो. नावडला की परिस्थितीने घडवले म्हणतो. खरे तर दोन्हीकडे परिस्थिती असते आणि दोन्हीकडे माणसांचे निर्णय.

पाण्याच्या बाबतीत या गोंधळाची किंमत थेट जमिनीत मोजता येते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ नंतर नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले, विहिरींना पाणी आले, आणि 'शिरपूर पॅटर्न' हे नाव राज्यभर गाजले. शिरपूरचा बराच भाग तापीच्या खोऱ्यातल्या जाड गाळाचा आहे. तिथे वरच्या चिकण थरांमुळे पाणी खाली उतरत नव्हते, खोदकामाने त्याला वाट मिळाली. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. इथे पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत; खाली अखंड पाषाण लागला की कितीही खोल खणले तरी तो पाणी पीत नाही. उलट नाल्याचा तळ बेसुमार खाली नेला तर शेजारच्या मुरमातले पाणी नाल्यात पाझरून वाहून जाऊ शकते. जलयुक्त शिवारच्या काळात राज्यात जिकडेतिकडे नाले खोल करण्याची घाई झाली तेव्हा अनेक जलतज्ज्ञांनी हीच हरकत घेतली होती: आधी पाणलोटाचा माथा, मग पायथा, आणि खडक पाहिल्याशिवाय यंत्र लावू नका. शिरपूरचे काम चुकीचे होते असे यातून निघत नाही. ते शिरपूरच्या जमिनीसाठी केलेले काम होते. तिथल्या यशाला पॅटर्न हे नाव मिळाल्यावर लोकांनी त्यातले पोकलेन उचलले आणि गाळ विसरला. ओतशाळेच्या भाषेत सांगायचे तर एका धातूच्या आकसपट्टीने दुसऱ्या धातूचा पॅटर्न मापला.

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनातही हे घडले, आणि तिथे ते जास्त वेदनादायक होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. जुन्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद यांनीच माणसे चिरडली होती, त्यामुळे नवी घरे पक्की हवीत याबद्दल दुमत असण्याचे कारण नव्हते. पण घराबरोबर गावाचा आराखडाही बदलला. जुन्या गावात अरुंद गल्ल्या, एकमेकांना पाठ लावलेली घरे, भावकीची एक आळी, घराच्या पुढे जनावरे आणि कडबा, बायकांना उन्हातान्हात बसायला ओसरी, हे सगळे होते. हा आराखडा कुणी कागदावर काढला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने तो तयार झाला होता, म्हणजे दुसऱ्या अर्थाचा पॅटर्न होता. त्याच्या जागी पहिल्या अर्थाचा पॅटर्न आला: सरळ रुंद रस्ते, सारख्या अंतरावरचे प्लॉट, जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे. गावे पसरली, शेजार तुटले, जनावरांना जागा उरली नाही. लोकांनी पुढे आपल्या हाताने शेड, कुंपण, ओसऱ्या जोडून घेतल्या. जुन्या गावातले जे मारक होते, ते दगड आणि माळवद, काढणे आवश्यकच होते. त्याच्यासोबत जे तारक होते, ती आळी आणि ओसरी, तेही गेले, कारण ज्याला कुणी आखलेले नाही त्याच्यात काही शहाणपण असेल हे आखणाऱ्यांना दिसले नाही. याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात, जिथे गावे हलवली नाहीत आणि घरमालकांनीच आपली घरे दुरुस्त व मजबूत केली, तिथे महिला मंडळांतून नेमलेल्या संवाद सहायक बायकांनी तंत्रज्ञ आणि घरे यांच्यामध्ये दुवा धरला. तिथे पॅटर्न घरावर लादला गेला नाही, घराला मापून बसवला गेला.

वास्तुशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९७७ मध्ये याच प्रश्नावर एक जाडजूड पुस्तक सहकाऱ्यांसह लिहिले. जगभरच्या जुन्या वस्त्यांत पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ दोन बाजूंनी उजेड येणारी खोली किंवा रस्त्याकडे पाहत बसता येईल अशी जागा, त्यांनी टिपल्या आणि प्रत्येकीबरोबर ती कोणत्या अडचणीवर उपाय आहे आणि कुठे लागू पडते हेही लिहिले. त्यांच्या मते पॅटर्न असंख्य वेळा वापरता येतो, पण दोनदा सारखा दिसत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ही कल्पना उचलली. १९९४ मध्ये चार लेखकांच्या एका पुस्तकाने 'डिझाइन पॅटर्न' हा शब्द संगणकाच्या जगात पक्का केला आणि आज पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत नोकरीच्या मुलाखतीला तो विचारला जातो. नंतर दिसलेल्या सुसंगतीचे आधीच्या साच्यात रूपांतर करण्याची प्रामाणिक पद्धत असते ती अशी: काय करावे याबरोबर कुठे, कशासाठी आणि काय असेल तर करू नये, हेही लिहिणे. आणि याच संगणकाच्या जगातल्या एका वापरात पॅटर्नचा अर्थ पूर्ण उलटा होतो. फोनच्या पडद्यावरच्या नऊ ठिपक्यांतून ३,८९,११२ वेगवेगळ्या रेषा काढता येतात. त्यातली एक माझी. तिची नक्कल दुसऱ्याने केली की ती निकामी.

इथे एक हरकत येईल आणि ती मराठीच्या प्रेमातून येईल: परक्या शब्दामुळेच हा घोळ आहे, नमुना, साचा, आकृतिबंध असे आपले शब्द वापरले तर तो मिटेल. मला तसे वाटत नाही. नमुना हा शब्द फारसीतून आला, आणि त्याचेही अर्थ कमी नाहीत. गाव नमुना सात आणि बारा म्हणजे जमिनीची नोंद, मातीचा नमुना म्हणजे तपासणीला दिलेली मूठभर माती, नमुनेदार म्हणजे आदर्श, आणि 'काय नमुना आहे' म्हटले की जवळजवळ शिवी. साचा म्हणावे तर ओतशाळेत पॅटर्न आणि साचा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकावरून दुसरा बनतो. शासनाने स्टाफिंग पॅटर्नला आकृतिबंध म्हटले; साहित्याचा प्राध्यापक त्याच शब्दाने कथेची आतली घडण सांगतो, जी कथा लिहून झाल्यावरच दिसते. म्हणजे आपल्या शब्दातही आधीचा आणि नंतरचा हे दोन्ही अर्थ येऊन बसलेच. दोष शब्दाच्या जातीत नाही. माणसाला चांगल्या निकालामागे एक कृती हवी असते, आणि जो शब्द दोन्हीकडे वाकतो तो या इच्छेला सोयीचा पडतो.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. प्रत्येक साचा कधीतरी निरीक्षणातूनच जन्मतो. एक दिवसाआड चढणारा ताप पाहूनच वैद्यांनी हिवताप ओळखला, पिकांच्या वागण्यावरूनच कृषी विद्यापीठे शिफारशी करतात. मग लातूरचा निकाल पाहून त्याची पद्धत इतरांनी घेतली तर चुकले कुठे? घ्यावीच. पण निरीक्षण आणि साचा यांच्यामध्ये एक पायरी आहे, तिला चाचणी म्हणतात. तापाच्या चढउतारावर डॉक्टर थांबत नाही, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन परजीवी शोधतो. कृषी विद्यापीठ एका शेतकऱ्याच्या उताऱ्यावर शिफारस करत नाही, वेगवेगळ्या जमिनींत, शेजारी तुलनेचा वाफा ठेवून, काही हंगाम पाहते. आपल्या गाजलेल्या पॅटर्नांच्या बाबतीत तुलनेचा हा वाफा सहसा कुणी ठेवलेला नसतो.

तिसरी हरकत भावनेची आहे आणि मी ती हलकी मानत नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या, महाविद्यालये उशिरा मिळालेल्या या भागाला 'लातूर पॅटर्न' या शब्दाने ताठ मान दिली. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीने आपली मुले येऊ शकतात हे त्या नावामुळे लाखो घरांना पटले, आणि एवढ्या एका विश्वासापायी कितीतरी मुली शिकायला बाहेर पडल्या. तो अभिमान खरा आहे. पण अभिमान ज्या कामाचा आहे ते काम नेमके ओळखल्यानेच त्याचे रक्षण होईल. शिकवणाऱ्यांनी उत्तरपत्रिकांवर घालवलेल्या रात्री हे काम होते. जिल्ह्याची हवा किंवा फलकावरची अक्षरे नव्हेत. आणि ज्या मुलाचा आकार त्या कामात बसला नाही, जो खोलीत एकटा पडला, त्याच्यासाठीही त्या पॅटर्नमध्ये थोडी मार्जिन सोडलेली असायला हवी होती. चाचण्यांच्या माऱ्यात घुसमटणाऱ्या मुलांचा प्रश्न आज लातूर-नांदेडमध्ये सगळेच बोलून दाखवतात. शिंपी जे कापडासाठी करतो ते सोळा वर्षांच्या पोरासाठी करायला काय हरकत आहे?

हे तपासण्याचा मार्ग अवघड नाही. कोणत्याही संस्थेने आपल्या यशाला पॅटर्न म्हणायचे असेल तर दोन आकडे शेजारी छापावेत: मुले आत आली तेव्हा दहावीला त्यांचे गुण किती होते आणि बाहेर पडताना किती झाले, आणि हे पहिल्या शंभरांचे नव्हे, त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या सगळ्यांचे. मधेच सोडून गेलेल्यांची संख्याही त्यात यावी. ज्या संस्थेत ५५ टक्क्यांची मुले पुढे सरकली असतील तिच्याकडे शिकण्यासारखे खरोखर काही आहे, तिच्या भिंतीवर एकही अव्वल नाव नसले तरी. आणि अशी शाळा मुरुडमध्ये असेल, औशात असेल, मुखेडमध्ये असेल. पाण्याच्या कामालाही हीच अट घालता येईल: खोदण्याआधीची आणि दोन कोरड्या उन्हाळ्यांनंतरची विहिरींची पातळी, आणि सोबत खाली कोणता खडक लागला त्याची नोंद. ग्रामपंचायतीच्या दप्तरात या तीन रकान्यांना जागा करणे एका ग्रामसभेचे काम आहे, आणि विहिरींची पातळी मोजायला दोर आणि टेप पुरते.